पंपकिन पिकिंग : शेताची भेट की तिकीट काढून जत्रा?

नांगरट (धागाकर्ता)

सप्टेंबर सरत आला की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एकच प्रश्न फिरू लागतो : यंदा पंपकिन पिकिंगला, म्हणजे शेतावर जाऊन भोपळा निवडून आणायला, कुठलं फार्म? माझं मत स्पष्टच मांडतो. ही सहल शेतीच्या नावावर विकली जाते आणि तिच्यात शेती फार थोडी उरली आहे.

हिशेब बघा. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मोठ्या फार्मवर ऑक्टोबरच्या शनिवारी माणशी १५ ते २५ डॉलर प्रवेश आता नेहमीचा झालाय. चौघांचे ६० ते १०० डॉलर झाले, आणि बहुतेक ठिकाणी त्यात भोपळा धरलेला नसतो. तो वजनावर, पौंडाच्या भावाने, वेगळा. तसाच भोपळा किराणा दुकानाच्या दाराशी खोक्यात काही डॉलरला पडलेला असतो.

"मुलांना शेत दाखवतो" म्हणावं, तर वेल दिसत नाही, फूल दिसत नाही. कापलेल्या गवतावर मांडून ठेवलेले भोपळे दिसतात. अनेक ठिकाणी ते दुसऱ्या शेतातून, कधी दुसऱ्या राज्यातून ट्रकने आलेले असतात. मक्याच्या भूलभुलैयालाही लोक जुनी परंपरा समजतात. अमेरिकेतला असा पहिला आधुनिक भूलभुलैया १९९३ साली पेनसिल्व्हेनियातल्या ॲनव्हिल गावात झाला.

आणि शेवट? हॅलोविनसाठी (३१ ऑक्टोबरचा सण, भोपळ्यात चेहरा कोरून आत दिवा ठेवतात) दारात चार आठवडे, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कचऱ्याच्या डब्यात. कचराभूमीत हवा पोचत नाही, म्हणून तिथे कुजताना मिथेन तयार होतो. खाण्याच्या वस्तूचं हे असं होताना मला बघवत नाही. बाजारातून एक खाण्याजोगा भोपळा आणा, घरी कापा, खा. पोरं त्यातूनच जास्त शिकतील.

इलिनॉयकर

तुम्ही दोन वेगळे धंदे एकत्र केलेत. डबाबंद भोपळा इलिनॉयमधल्या मॉर्टन गावाच्या आसपास पिकतो. त्याचं वाण डिकिन्सन, साल फिकट पिवळसर, आकार लांबट, काढणी यंत्राने. त्या शेतांत सहलीला कुणी जात नाही. दारात ठेवायचा नारिंगी भोपळा हाउडनसारख्या वाणांचा. तो छोटा शेतकरी लावतो आणि शक्यतो फाटकावरच विकतो.

फाटकावर का? घाऊक खरेदीदाराला सगळे एका मापाचे, गोल, जाड देठाचे हवेत. वाकडा, एका बाजूला चपटा, चामखीळ आलेला भोपळा तो घेत नाही. तो शेतातच राहतो. सहलीला आलेली पाच वर्षांची मुलगी नेमका तोच उचलते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

आता तिकिटाबद्दल. हा धंदा वर्षातल्या सहा शनिवार-रविवारांचा. त्यातले दोन पावसात गेले की एक तृतीयांश हंगाम गेला. २००९ मध्ये पावसाने मॉर्टनच्या शेतांत यंत्रं शिरू शकली नाहीत आणि पुढे दुकानांत डबाबंद भोपळ्याची टंचाई झाली. तसा पाऊस सहलीच्या शेताला दुहेरी मारतो : फळ सडतं आणि माणसंही येत नाहीत. पार्किंगसाठी पडीक ठेवलेली जमीन, फिरती शौचालयं, विमा, ट्रॅक्टरवरचा माणूस, हे सगळं पौंडाच्या भावातून निघत नाही.

नांगरट

विमा आणि पगार समजू शकतो. मग फाटकावर स्पष्ट पाटी लावा : "भोपळे आमच्या शेतातले नाहीत." ते कुणी लिहीत नाही. आक्षेप तिथे आहे.

बांधावरून

पाटीचा मुद्दा मान्य. पण बाहेरून आणलेला भोपळा म्हणजे फसवणूकच, असं नाही. त्यामागे बऱ्याचदा मातीचं कारण असतं.

भोपळ्याचा सगळ्यात वाईट शत्रू फायटोफ्थोरा, बुरशीसारखा एक रोग. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत पसरतात, फळावर साखर भुरभुरल्यासारखा पांढरा थर येतो आणि चार दिवसांत अख्खा भोपळा बसतो. हा रोग मातीत वर्षानुवर्षं टिकतो. त्यामुळे त्याच तुकड्यात दरवर्षी भोपळा लावता येत नाही. किमान तीन वर्षांची फेरपालट हवी, त्यात मिरची, टोमॅटो, काकडी चालत नाही. मका, गहू, गवत चालतं. म्हणजे फाटकाजवळच्या सोयीच्या तुकड्यात भोपळा तीन-चार वर्षांतून एकदाच. बाकी वर्षी एकतर ट्रॉलीतून लोकांना मागच्या शेतात न्यायचं, नाहीतर मागच्या शेतातला माल पुढे आणायचा. शिवाय शेकडो बुटांना चिकटलेला चिखल रोग एका तुकड्यातून दुसऱ्यात नेतो, म्हणून काही जण लोकांना वेलीत सोडतच नाहीत.

खरं शेत ओळखायचं असेल तर खाली बघा. वाळलेल्या वेली, करपलेली पानं, मध्ये उगवलेलं तण आणि भोपळ्याखालचा फिकट डाग. जिथे फळ जमिनीला टेकून वाढलं तिथे साल पिवळट राहते. मांडलेल्या भोपळ्यांचे डाग वाटेल त्या दिशेला असतात, शेतातल्यांचे मातीकडे. वेली तपकिरी दिसल्या म्हणून नाराज होऊ नका. सप्टेंबरअखेर भुरी आणि केवडा हे रोग पानं खाऊन टाकतात, तोवर फळ तयार झालेलं असतं.

आणि मुलांना वेल-फूल दाखवायचं असेल तर ऑक्टोबर चुकीचाच महिना आहे. हॅलोविनसाठीचं बी मेअखेर ते जूनमध्ये पडतं, वाणाप्रमाणे ९० ते १२० दिवस घेतं. फुलं जुलै-ऑगस्टमध्ये. आधी नर फुलं येतात, साधारण आठवड्याने मादी, जिच्या खाली चिमुकला भोपळा असतो. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्या वेळात मधमाश्यांच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या नाहीत तर फळ गळतं किंवा एका बाजूने वाकडं भरतं. इलिनॉयकरांनी सांगितलेल्या वाकड्या भोपळ्यांपैकी काहींचं मूळ इथे आहे. भोपळ्याचीच खास अशी एक एकांडी मधमाशी आहे. ती जमिनीत बीळ करते, खोल नांगरटीने तिची पिल्लं मरतात. जुलैत फार्मला फोन करून सकाळी आठला येऊ का विचारा. गर्दी नसते, आणि बरेच शेतकरी हौसेने दाखवतात.

केंटकर

इंग्लंडातही हे लोण आता पक्कं झालंय. पार्किंगचं बुकिंग, अर्ध्या तासाचा स्लॉट, ढकलगाडी. ऑक्टोबरात चिकण माती ओली असते, ढकलगाडीचं चाक रुततं, म्हणून १० किलोच्या वरचा भोपळा बांधाच्या जवळचाच निवडा.

नांगरट यांच्या नासाडीच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. त्यात एक भर : "जनावरं खातील" म्हणून लोक कोरलेले भोपळे जंगलात टाकून येतात. वुडलँड ट्रस्ट ही जंगलं जपणारी संस्था दरवर्षी नको म्हणून सांगते. साळिंदरासारखा काटेरी दिसणारा तो छोटा हेजहॉग भोपळा खाऊन पोट बिघडवून घेतो, आणि हिवाळ्याच्या तोंडावर त्याला ते परवडत नाही. रंग, मेण, ब्लीच लागलेला भोपळा तर कुठल्याच प्राण्यापुढे ठेवू नये.

डांगर_घारगे

"खाण्याची वस्तू वाया" हे वाक्य अर्धंच खरं आहे. कोरायचा मोठा नारिंगी भोपळा खाता येतो, पण त्याचा गर पाणचट, धाग्यांचा आणि बेचव. त्याची भाजी केली की सूप होतं, मग घरात "अमेरिकन भोपळ्याला चवच नाही" असा शिक्का बसतो. चूक भोपळ्याची नाही, निवडीची आहे.

देठ बघायला शिका. सालीपेक्षा तो जास्त सांगतो.

कडक, पाच कंगोऱ्यांचा, बोचरा देठ : पेपो जात. कोरायचे भोपळे, छोटे पाय-पंपकिन ("पाय" या भाजलेल्या गोड पदार्थासाठीचे) आणि झुकिनी यातच.

कडक पण गुळगुळीत, फळाला टेकताना फुलासारखा पसरणारा देठ : मोस्काटा जात. बटरनट, लाँग आयलंड चीझ, तो डब्यातला डिकिन्सन, आणि आपल्याकडचा तांबडा भोपळाही. म्हणजे पंपकिन पायचा डबा आणि आईच्या हातची भोपळ्याची भाजी एकाच जातीची.

जाड, गोल, बुचासारखा मऊ देठ : मॅक्सिमा. निळसर जाराडेल, काबोचा, आणि स्पर्धेतले अजस्र भोपळे.

घारग्यांना मोस्काटाच घ्या. २ वाट्या कीस, पाऊण ते १ वाटी गूळ, मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंतच. पाणी अजिबात नाही. गार झाल्यावर चिमूट मीठ, वेलची, २ चमचे तांदळाची पिठी, १ चमचा कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक, साधारण २ ते अडीच वाट्या. पाणचट भोपळा घेतला की इथेच घोटाळा होतो : कणीक तीन-साडेतीन वाट्यांवर जाते आणि घारगा चामड्यासारखा चिवट होतो. पीठ अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका, गुळाला पाणी सुटून ते सैल पडतं. तेल मध्यम. कडक तापलं तर गूळ बाहेरून करपतो, आत पीठ कच्चं.

कोरायचाच भोपळा गळ्यात पडला असेल तर अर्धे करून, पालथे घालून ४०० फॅरेनहाइटला ४५ ते ६० मिनिटं भाजा, गर पंच्यात बांधून रात्रभर टांगा, मग भरीत करा. दही, मोहरीची फोडणी, हिरवी मिरची. धागे असतील तर आधी चाळणीतून काढा.

चाकोरी

टेबलावर ठेवायचे चिमुकले रंगीत शोभेचे भोपळे कुणी शिजवू नका, हेही लिहायला हवं होतं. त्यांत कुकुर्बिटासिन नावाचं विषारी द्रव्य असू शकतं, चव कडूजहर. कडवटपणा शिजवून जात नाही आणि उलट्या-जुलाब होतात. कुठलाही भोपळा कडू लागला की तो घास थुंका.

सहलीच्या बाजूने बोलणारे सुरक्षिततेबद्दल गप्प आहेत. ट्रॉलीत बसण्याआधी मागची जोडणी बघा : पिनला क्लिप आणि वेगळी साखळी, दोन्ही हवीत. पिन एकटी उसळून निघू शकते. भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला ढकलते, म्हणून उतारावरची फेरी आणि लहान ट्रॅक्टर हे जुळत नाही. कडेला पाय सोडून मुलांना बसवू नका. शेळ्या-मेंढ्यांना हात लावल्यावर डोनट खाण्याआधी साबण-पाण्याने हात धुवा. ई. कोलायसारख्या जंतूंसाठी नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नये. जिथे प्राणी आहेत पण नळ नाही, तिथून मुलांना घेऊन निघा.

माळरान

मला हे हुरडा पार्टीसारखं वाटतं. आपल्याकडेही डिसेंबर-जानेवारीत लोक पैसे देऊन शेतावर जातातच की. तिथे आपण तक्रार करत नाही.

नांगरट

फरक आहे. हुरड्याला शेत लागतंच. ज्वारीचं कणीस दुधाळ-कोवळं असतानाचे थोडेच दिवस, आणि भाजून हातावर चोळलं की तिथेच गरम खायचं. ते दुकानात तसं मिळत नाही, आणि मागे उरतं ते गुरांच्या दावणीत जातं. भोपळा टिकाऊ आहे, कुठेही मिळतो. म्हणून "तिथेच का जायचं" याचं उत्तर फार्मने द्यायला हवं. बांधावरून यांनी जुलैच्या सकाळचं जे सांगितलं ते उत्तर मला पटतं. ऑक्टोबरात फार्मवर हवा भरलेल्या गाद्यांवर मारायच्या उड्या पटत नाहीत.

इलिनॉयकर

ऑक्टोबरातल्या त्या उड्यांवरच जुलैचं शेत उभं राहतं, यावर मी ठाम आहे.

पण नासाडीबद्दल बोलूया, कारण बरीच नासाडी लोकांच्या हाताळणीत होते. देठ धरून उचलू नका. देठ म्हणजे मूठ नव्हे. तो तुटला की त्या जखमेतून सड शिरते. कापताना लॉपरने (लांब दांड्याच्या कात्रीने) ३ ते ४ इंच देठ ठेवा, हातमोजे घाला. नखाने साल दाबा. नख रुतलं तर फळ कोवळं आहे, टिकणार नाही. उलटं करून बूड दाबा, मऊ ठिपका असला तर सोडून द्या. गाडीत एकावर एक रचू नका.

घरी आल्यावर माती धुवा, १ गॅलन पाण्यात १ मोठा चमचा ब्लीच घालून पुसा (कोरायचा असेल तरच; खायचा असेल तर साध्या पाण्याने) आणि कोरडा करा. दाराशी थेट काँक्रीटवर नको, खाली पुठ्ठा. दुपारचं ऊन टाळा, कडक गोठण असेल त्या रात्री आत घ्या. ५० ते ५५ फॅरेनहाइट आणि कोरडी हवा मिळाली तर न कोरलेला भोपळा दोन-तीन महिने सहज राहतो. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, थंडीने साल खचते.

कोरलेला भोपळा ३ ते ७ दिवसांचा सोबती. लोक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कोरतात आणि दहाव्या दिवशी बुरशी बघून फेकतात. २९ तारखेच्या आधी सुरी लावू नका. वरून झाकण कापण्याऐवजी बुडातून किंवा मागून भोक पाडा. देठाची बाजू शाबूत राहिली की भोपळा लवकर खचत नाही. चेहऱ्याच्या बाजूची भिंत इंचभर राहील इतपत खरवडा. मेणबत्तीऐवजी एलईडी, कारण ज्योत आतून भोपळा शिजवते.

माळरान

आणि बिया? परसात पुढच्या वर्षी लावल्या तर फार्मला जायलाच नको.

बांधावरून

भाजून खा, लावू नका. एकतर बहुतेक बियाणं संकरित, पुढची पिढी तशीच येत नाही. दुसरं, पेपो जातीत झुकिनी आणि शोभेचे कडू भोपळे सहज मिसळतात, आणि पिकिंगच्या शेतात हे सगळे शेजारी शेजारी असतात. वरून नारिंगी दिसणारा भोपळा आत कडू निघू शकतो. परसात लावायचा असेल तर बटरनटचं पाकीट विकत घ्या, वेलीला ८ ते १० फूट जागा सोडा, माती ६५ फॅरेनहाइटच्या वर गेल्यावर दर आळ्यात ३-४ बिया, उगवल्यावर दोन ठेवून बाकीचे काढा. आणि जुलैत मुलांना पहाटे उठवा, फुलं दुपारी मिटलेली असतात.