गाडी एक्सचेंजला द्यायची की बाहेर विकायची? (कालच्या उपदेशाला उत्तर)

वाकडकर

काल इथे एका सद्गृहस्थांनी ठोकून दिलं की ज्याला वेळेची किंमत कळते तो जुनी गाडी बाहेर विकत बसत नाही. शोरूमला जुनी चावी द्या, नवी घ्या, विषय संपला. बाहेर विकणारे म्हणजे चाळीस-पन्नास हजारांसाठी अनोळखी लोकांना घरी बोलावून चहा पाजणारे कंजूष. वर त्याला भरभरून अंगठे. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण लांबलं म्हणून वेगळा धागा.

माझी 2017 ची स्विफ्ट डिझेल, एमएच 14, पहिला मालक. शोरूमच्या पोराने दरवाज्यांचं रबर ओढून पत्र्याचे वेल्डिंगचे स्पॉट बघितले, इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडून धूर येतो का पाहिलं, पेंटला मीटर लावलं. सगळं ठीक निघालं. मग मोबाइलमध्ये बघून म्हणाला, 3 लाख 40 हजार. का? तर 'सर, डिझेलला आता मार्केट नाही.' वर 30 हजार एक्सचेंज बोनस.

मी सेल्समनला एवढंच विचारलं, जुनी गाडी दिलीच नाही तर नवीवर किती सोडता? तो मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला आणि 20 हजार सूट घेऊन बाहेर आला. म्हणजे त्या 30 हजारांतले 20 हजार मला तसेही मिळणारच होते, ते फक्त माझ्या जुन्या गाडीच्या नावावर दाखवत होते. शोरूमची खरी किंमत झाली साडेतीन लाख.

तीच गाडी बारामतीकडच्या एका माणसाने 4 लाख 25 हजारांना नेली. मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्या बंद केल्या. पुण्यातल्या शोरूमला त्या नको आहेत आणि ज्याचं रोजचं शंभर-सव्वाशे किलोमीटर रनिंग आहे तो नेमक्या त्याच शोधत फिरतोय. 75 हजारांसाठी मी चहाच काय, मिसळही खिलवीन.

आता 'विषय संपला' याबद्दल. शोरूमवाले तुमच्याकडून फॉर्म 29 आणि 30 वर, म्हणजे मालकी बदलायच्या कागदांवर, कोऱ्या सह्या घेतात. खरेदीदाराचा रकाना रिकामा. पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी तुमच्याच नावावर, फिरवतोय कोण ते तुम्हाला माहीत नाही. चावी गेली, मालकी नाही.

सहकारनगरी

तो सद्गृहस्थ मीच. नाव घेऊन लिहायला काय झालं होतं?

75 हजार मिळाले, अभिनंदन. त्यात गाडी डिटेलिंगला दिली असेल, टायर नाहीतर बॅटरी बदलली असेल, किती रविवार गेले असतील, ते कुठे धरलंय? मी मागची गाडी बाहेर विकायला काढली होती. पहिला फोन, 'लास्ट किती?' गाडी न बघताच. दुसरा येतो म्हणाला, आलाच नाही. तिसरा टेस्ट ड्राइव्हला निघाला तो थेट सिंहगड रोडला लागला, म्हणे चढावर बघायची होती. मी बाजूच्या सीटवर देवाचं नाव घेत बसलेलो. चौथा निघाला एजंट, गिऱ्हाईक असल्याचं सोंग घेऊन. त्या दिवशी ठरवलं, पुन्हा नाही. पैसे कमी मिळाले, झोप लागली. तुमच्या हिशेबात झोपेला रकाना नाही.

वाकडकर

टायर बदलले नाहीत. धुतली फक्त. आणि तो सिंहगड रोडवाला बरोबरच होता, क्लच चढावरच कळतो.

काउंटरपलीकडून

मी एका डीलरकडे एक्सचेंजच्या टेबलावर असतो, कुठल्या ते विचारू नका. वाकडकरांचं बोनसबद्दलचं गणित बरोबर आहे, इथे नाकारण्यात अर्थ नाही. पण आम्ही लुटतो असा जो सूर आहे तो ऐकवत नाही.

साडेतीनला घेतलेली गाडी चार पंचवीसला विकली तर 75 हजार खिशात जात नाहीत. रंगकाम, सर्व्हिस, वॉरंटी, यार्डचं भाडं, दोन-तीन महिने अडकलेला पैसा. शिवाय जानेवारी 2025 पासून आमच्या मार्जिनवर सरसकट 18 टक्के जीएसटी. तुम्ही घरगुती विकलंत तर तो शून्य. आणि 22 सप्टेंबर 2025 ला छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 वर आला तेव्हा यार्डात उभ्या असलेल्या प्रत्येक जुन्या गाडीची किंमत रातोरात पडली. आदल्या आठवड्यात ज्यांनी आम्हाला गाडी दिली त्यांच्यापैकी कोणी फरक परत करायला आला नाही. तो फटका आम्ही खाल्ला.

कोऱ्या सह्यांचं म्हणाल तर नियम बदललाय. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी ताब्यात घेताना फॉर्म 29-सी ऑनलाइन भरायचा. तो झाला की कायद्याच्या दृष्टीने मालक डीलर. पुढे चलन येऊ दे, अपघात होऊ दे, जबाबदारी त्याची.

वाकडकर

तुमच्या टेबलावर भरतात का 29-सी?

काउंटरपलीकडून

मागितला तर भरतो.

वाकडकर

बस्स. माझं बोलून झालं.

सातपूर_एमआयडीसी

बोलून कसलं झालं, खरी गोष्ट राहिलीच. सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. माणसाने 2007 मध्ये गाडी विकली. ती पुढे आणखी काही हात फिरली, आरसीवर (नोंदणीपत्रावर) नाव पहिल्याचंच. 2009 ला अपघात. न्यायालय म्हणालं, रजिस्टरवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्यानेच द्यायची. त्यामुळे बाहेर विकणाऱ्यांनीही फार मिशीवर ताव मारू नये. बारामतीवाल्याने नाव करून घेतलं का?

वाकडकर

निम्मे पैसे टोकनच्या वेळी, निम्मे त्याच्यासोबत आरटीओचं काम उरकल्यावर. विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं असतं, मी त्याच आठवड्यात कळवलं. फास्टॅगही त्याच्यासमोर बंद केला. लोक हे विसरतात आणि मग खेड शिवापूरच्या टोलचे मेसेज येत राहतात. अट एकच घातली होती, एक रुपया रोख घेणार नाही. तो पिशवी घेऊनच आला होता. दोन लाख किंवा त्यावर रोख घेतली तर आयकर कायद्याखाली घेणाऱ्याला तेवढाच दंड. त्याला समजावताना घाम फुटला, पण शेवटी बँकेतून आले पैसे.

रंकाळ्यावरचा

वाकडकर, एक इचारू? पुण्यातली गाडी, तीबी वाकड-हिंजवडीची, आणि सव्वाचार लाख? आमच्यात पुण्याची गाडी म्हटलं की पयला प्रश्न, क्लच कवा बदलला. पहिल्या गिअरवर आयुष्य गेलेलं असतंय तिचं. बारामतीकर भोळा निघाला.

वाकडकर

क्लच 70 हजार किलोमीटरला बदललाय, बिल दिलंय त्याला. आणि कोल्हापूरकरांनी दुसऱ्याच्या गाडीबद्दल बोलावं? 2019 नंतर एमएच 09 आणि एमएच 10 ची, म्हणजे कोल्हापूर-सांगलीची गाडी घ्यायला लोक का कचरतात ते सांगू का?

रंकाळ्यावरचा

सांगा की! पूर आला, गाड्या बुडाल्या. आमी काय हौसेनं बुडवल्या? त्या बुडलेल्या गाड्या आमी इकल्या न्हाईत. विमा कंपन्यांनी टोटल लॉस, म्हंजे दुरुस्तीपलीकडच्या ठरवल्या, लिलावात काढल्या. त्या पॉलिश होऊन कुठल्या शहरात उभ्या ऱ्हायल्या ते तुमच्या यार्डवाल्यास्नी इचारा.

काउंटरपलीकडून

मला मध्ये ओढू नका.

वाशिष्ठीकाठ

रंकाळ्यावरचे बरोबर बोलतायत. आमच्या चिपळूणला जुलै 2021 मध्ये तेच झालं. माझ्या चुलतभावाची गाडी छपरापर्यंत पाण्यात. कंपनीने पैसे दिले, गाडी उचलून नेली. काही महिन्यांनी तोच नंबर एका जाहिरातीत दिसला, 'लेडी डॉक्टर ड्रिव्हन, नॉन-ॲक्सिडेंटल'.

बुडलेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट ओढा, पार शेवटपर्यंत. सगळे हातभर ओढून सोडतात. रिळाच्या तळाला जो पट्टा असतो तो कोणी धूत नाही, त्यावर मातीची रेघ राहते. मग स्टेपनीची जागा, गालिच्याखालचा फोम. अत्तर मारलेली गाडी असेल तर थेट परत या.

अंधेरी_पश्चिम

आणि मुंबईची गाडी कोणी घेत नाही, का तर गंज. खारं वारं. माझी गाडी बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये उभी असते, तरी नाशिकचा माणूस आला तो पहिला खाली झोपून सायलेन्सर बघायला लागला. अपमान वाटला.

सातपूर_एमआयडीसी

मुंबईकरांनो, 26 जुलै 2005 च्या गाड्या तुम्ही सगळ्या आमच्याकडेच पाठवल्यात, तेव्हा अपमान नव्हता वाटला. वडिलांनी घेतली होती तसली एक. दर पावसाळ्यात हॉर्न आपोआप वाजायचा, शेजारी भांडायला यायचे.

धंतोलीवाला

म्हणून म्हणतो, नागपूरची गाडी घ्या. गंज नाही, पूर नाही. रस्ते मोठे, क्लच सुखी. मे महिन्यात डॅशबोर्ड तडकते थोडंसं, एवढंच.

रंकाळ्यावरचा

पूर न्हाई? सप्टेंबर 2023 ला तुमचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तवा गाड्या रस्त्यावर पोहत हुत्या, त्या कुणाच्या?

धंतोलीवाला

तो एक दिवस होता भाऊ.

रंकाळ्यावरचा

आमचाबी पूर बारमाही नसतो!

सहकारनगरी

विषय काय होता आठवतंय का कोणाला?

निशा_ठाणे

मला आठवतोय, कारण मला खरंच गाडी विकायची आहे. हिशेब वाचले, पण इथे सगळे पुरुषच बोलतायत. मी आणि आई, दोघीच राहतो. जाहिरात टाकली तर रात्री साडेअकराला फोन. एकाला गाडी दाखवली, मी बॉनेट उघडून उभी, तो माझ्या मागे बघत विचारतो, 'मिस्टर नाहीत का घरी?' मिस्टरांना काय विचारायचं होतं तर ॲव्हरेज किती देते. मी सांगितलं, त्याने ऐकलं नाही. मग शेजारच्या काकांनी तोच आकडा सांगितल्यावर मान डोलावली. काकांना गाडी चालवताही येत नाही.

त्यामुळे वाकडकरदादा, तुमचे 75 हजार प्रत्येकाला मिळतात असं नाही. माझ्यासारखीला ते कमवायला आधी एक पुरुष शोधावा लागतो.

वाकडकर

ताई, हे मान्य. पण ज्याला-त्याला कंजूष म्हणणाऱ्यांनी तुमचा विचार करून लिहिलं नव्हतं, त्यांनी स्वतःच्या रविवारचा केला होता.

सहकारनगरी

म्हणजे निष्कर्ष माझाच बरोबर, फक्त त्यामागचं कारण चुकीचं? चालेल, घेतलं.

काउंटरपलीकडून

निशाताई, गाडी नावावर कोणाच्या आहे?

निशा_ठाणे

बाबांच्या. ते मागच्या वर्षी गेले.

काउंटरपलीकडून

मग एक्सचेंज काय, बाहेर काय, आज कोणीच घेणार नाही. आधी वारसाच्या नावावर करावी लागेल, फॉर्म 31. मृत्यू दाखला, बाकी वारसांचं संमतीपत्र. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी. कर्ज फिटलेलं असलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे त्या नव्या सुरक्षा नंबरपाट्या बसवून घ्या, त्याशिवाय आरटीओ ट्रान्सफरला हात लावत नाही. जुनी चलनं आत्ताच बघून ठेवा.

सातपूर_एमआयडीसी

एचएसआरपीचं नाव काढू नका! चारचाकीला 745 अधिक जीएसटी, दर वेळी 'शेवटची मुदत', दर वेळी वाढ. जे पहिल्या मुदतीला घाबरून धावले ते मूर्ख आणि जे...

वाकडकर

त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो तिथे. निशाताई, नावावर झाल्यावर दोन-तीन ठिकाणी लेखी किंमत घ्या. जुनी गाडी न देता नवीवर किती सूट, हे आधी विचारा. मग एक्सचेंज खुशाल करा. फक्त गाडी सोडताना 29-सी ची प्रत हातात घेतल्याशिवाय चावी देऊ नका. आणि बाबांच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) असेल तर तो वारसाला मिळू शकतो, विमा कंपनीला विचारा. एजंट स्वतःहून सांगत नाही.

निशा_ठाणे

हे पहिल्या पोस्टमध्येच लिहिलं असतं तर कोल्हापूर-नागपूर वाचावं लागलं नसतं. पण धन्यवाद.

सहकारनगरी

वाकडकर शेवटी 'एक्सचेंज खुशाल करा' म्हणाले, याची नोंद घ्यावी. आणि माझी शोरूमला दिलेली गाडी आत्ताच परिवहनच्या ॲपवर बघितली. माझ्या नावावर नाही. कोरी सही, भीती, सर्वोच्च न्यायालय, सगळं ऐकून झालं, काहीही झालेलं नाही.

वाकडकर

उत्तम. नाव बदललं की जुन्या मालकाला मेसेज येतो, त्यावर तारीख असते. गाडी दिल्यावर किती दिवसांनी आला?

सहकारनगरी

तारखेचा इथे काय संबंध.

रंकाळ्यावरचा

टाका की वो तारीख, आमीबी बघतो.