येकुर जाऊन फिकातुम कसं आलं? मदत हवी आहे, अर्जंट

स्पॅनिशवाली: लॅटिनमध्ये अवयवाचं नाव येकुर, मग पुढच्या सगळ्या भाषांत फ-वाला शब्द कुठून घुसला? पुस्तकात नुसतं 'फिकातुमपासून' असं लिहून सोडलंय. फिकुस म्हणजे अंजीर ना? त्याचा इथे काय संबंध? उद्या क्लासमध्ये बोलायचंय, पटकन सांगा प्लीज.

केदार७: कुठला अवयव? कुठल्या भाषा?

स्पॅनिशवाली: अहो यकृत! स्पॅनिश इगादो, इटालियन फेगातो, पोर्तुगीज फीगादो, रोमानियन फिकात, फ्रेंच फ्वा.

रानवारा: अंजीर तब्येतीला उत्तमच. पुरंदरचे घ्या, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय त्यांना.

केदार७: आरोग्याचा धागा नाहीये हा.

जुनीपोथी: पाळीव हंसांना अंजीर चारून त्यांचं यकृत मोठं करायचे, ते खायला. ग्रीकमध्ये त्याला हेपार सिकोतोन, सिकोन म्हणजे अंजीर. रोमनांनी त्यावरून केलं येकुर फिकातुम. होरेसच्या कवितेतल्या मेजवानीतसुद्धा अंजिरावर पोसलेल्या पांढऱ्या हंसिणीचं यकृत आहे, आणि रोमन लेखक प्लिनी लिहितो की आपिकियस नावाच्या खवय्याने हाच प्रकार डुकरांवर केला. मग मोबाईल फोनचं आपण नुसतं मोबाईल केलं तसं येकुर गळलं, फिकातुम उरलं, आणि पुढे कुठल्याही यकृताला तेच म्हणायला लागले. आजच्या ग्रीकमध्येही सिकोतीच म्हणतात.

केदार७: श्रीमंतांच्या एका पदार्थावरून सगळ्यांच्या अवयवाचं नाव बदलेल? मला नाही पटत. फ्रेंच तेत बघा, लॅटिन तेस्ता म्हणजे मडकं, त्यावरून डोकं. असं चेष्टेतून आलेलं पटतं, लोक बोलतातच तसं.

जुनीपोथी: अहो, डोकं रोज दिसतं. यकृत लोकांना दिसायचं कुठे? खाटकाकडे नाहीतर ताटात. मग नाव तिथूनच येणार ना.

मैत्रेयी_पुणे: येकुर आणि आपलं यकृत एकाच मुळातले बरं का! लॅटिनच्या लेकींनी टाकलेला शब्द आपल्याकडे अजून चालू आहे.

स्पॅनिशवाली: हे भारी आहे, पण इगादोमधला फ कुठे गेला?

जुनीपोथी: स्पॅनिशमध्ये बऱ्याच शब्दांच्या सुरुवातीचा फ जातो. फारीनाचं आरिना, फिलियुसचं इहो, खुद्द अंजिराचं इगो. लिहिताना एच उरतो, उच्चार नाही. आघाताचं, म्हणजे उच्चारात जोर कुठे येतो त्याचं, मात्र नक्की सांगा क्लासमध्ये, लॅटिन फिकातुममध्ये तो 'का'वर होता, रोमानियनमध्ये अजून तिथेच आहे, स्पॅनिश-इटालियनमध्ये पहिल्या अक्षरावर सरकला. त्यामागे ग्रीक शब्दाचा प्रभाव मानतात.

केदार७: आणि फ्रेंच फ्वामध्ये क, त दोन्ही गायब, ते कसं? ते सांगा आधी.