द्राक्षाची काडी लागली, बुबुळावर पांढरा ठिपका

निफाडची सून: खरडछाटणीत सासऱ्यांच्या डोळ्याला काडी लागली. मेडिकलवाल्याने लाल डोळ्याचे थेंब दिले. दोन दिवस बरं वाटलं, आज नवव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका, उजेडही सोसवत नाही. सासूबाई म्हणतात फूल पडतंय, मध घाला. नाशिकला न्यायचं तर रोज बुडतो, गाडीभाडं वेगळं. थोडं थांबू का?

दिंडोरीकर: ताई, थांबू नका. आणि मध तर अजिबात नको! मला उसाचं पातं लागलं होतं, त्यातून डोळ्यात बुरशी शिरली. माझ्या थेंबांत स्टिरॉइड होतं. लाली गेली, बुरशी मात्र आत वाढत राहिली. नाशिकला डॉक्टरांनी बुबुळ खरवडून काचेवर तपासलं. मग नॅटामायसिन ५ टक्के, म्हणजे बुरशीवरचे थेंब, सुरुवातीला तासातासाला, रात्रीसुद्धा. बायको गजर लावून उठायची. दीड महिना गेला. डोळा वाचला, डाग राहिला. रात्री समोरून गाडी आली की उजेड फाकतो.

पंचवटीवाला: सिव्हिलला डोळ्यांचा विभाग आहे, खर्चाची काळजी असेल तर तिथे जा. बाटलीवर काय लिहिलंय?

निफाडची सून: डेक्सामेथासोन.

दिंडोरीकर: तेच ते, स्टिरॉइड. आता एकही थेंब घालू नका. बाटली सोबत घ्या, आजच निघा.

निफाडची सून: दुपारच्या एसटीने निघतोय.