आपली प्रकृती कशी वाटते, हे दहावीच्या मुलांना विचारावे का?

मैदानकर :
मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. युरोपातील देश आणि कॅनडा यांत दर चार वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण होते आणि त्यात ११, १३ व १५ वर्षांच्या मुलांना विचारले जाते की तुमची प्रकृती उत्तम आहे, चांगली आहे, बरी आहे की वाईट. आपल्या शाळांतील आरोग्य तपासणीत उंची, वजन, दात, डोळे पाहिले जातात. मुलाला स्वतःला कसे वाटते, हे मात्र कोणी विचारत नाही. माझे मत असे की हा प्रश्न दरवर्षी विचारावा, आणि त्याला जोडून रोज किती वेळ खेळतोस व किती वेळ बसून असतोस, हेही विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ या वयात दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. २०१६ च्या अंदाजानुसार जगातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले तेवढी हालचाल करत नव्हती. भारतात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते. दहावीचे वर्ष लागले की आमचा तास गणिताचा किंवा विज्ञानाचा भाग पूर्ण करण्यासाठी मागितला जातो, आणि शाळा, क्लास व घरचा अभ्यास मिळून मुलांचा जवळजवळ सगळा दिवस बाकावर किंवा खुर्चीवर जातो. मान दुखते, अंग जड वाटते, झोप लागत नाही, असे तीच मुले मला सांगतात.

गोदाकाठ :
सर, आपली तळमळ समजते, पण मुलांचे वाटणे हा आरोग्याचा मापदंड होऊ शकत नाही. पंधराव्या वर्षी चाचणीत गुण कमी पडले किंवा मैत्रिणीशी बिनसले तरी प्रकृती वाईट वाटते. दुसरे असे की बसण्याला आपण उगाच दोषी ठरवत आहात. ज्या शिफारशींचा आपण दाखला दिला, त्यांतच बसण्याचा वेळ कमी करा एवढेच म्हटले आहे, तासांची मर्यादा दिलेली नाही, कारण ती ठरवण्याइतका पुरावा नव्हता. दहा लाखांहून अधिक प्रौढांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज तास-सव्वा तास मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये आठ तासांहून अधिक बसण्याशी जोडलेला मृत्यूचा वाढीव धोका दिसेनासा झाला होता. मुलगा सकाळी तासभर खेळला, तर उरलेला दिवस त्याने अभ्यासाला का बसू नये? परीक्षा तर द्यायचीच आहे.

निशिगंध :
मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. गोदाकाठ यांनी दिलेला अभ्यास खरा आहे, परंतु तो प्रौढांचा आणि मृत्यूच्या धोक्याचा आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला रोज थकवा का येतो, याचे उत्तर त्यात सापडणार नाही. 'वाटणे' इतके कच्चेही नसते. स्वतःची प्रकृती वाईट आहे असे सांगणाऱ्या प्रौढांमध्ये पुढे मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते, आणि ज्ञात आजार हिशेबात धरल्यावरही हा संबंध बहुतेक अभ्यासांत टिकतो, असे १९९७ मध्ये २७ अभ्यासांच्या आढाव्यात दिसले होते.

मात्र मैदानकर सरांनाही सावध करावेसे वाटते. एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे कळत नाही. बसून राहिल्यामुळे बरे वाटत नाही, की बरे वाटत नाही म्हणून मुले बसून राहतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. याच वयाच्या मुलांमध्ये ते प्रमाण ३१ टक्के होते. पायऱ्या चढताना जिला धाप लागते, तिला मैदानावर पळायला सांगण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासायला हवे आणि शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी ती खरोखर घेते का, हे पाहायला हवे.

माणदेशी :
रक्तक्षयाचा मुद्दा योग्यच आहे. पण सगळे त्याच्यावर ढकलून चालणार नाही. आमच्या भागातल्या मुली वाडीवरून चालत किंवा सायकलने शाळेत येतात, घरी पाणी भरतात. त्यांचे अंग हलते, तरीही पाळी सुरू झाली की त्यांचे खेळणे थांबते, कारण मैदान मुलांच्या क्रिकेटने व्यापलेले असते, शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसते आणि मोठ्या मुलीने पळणे घरच्यांना खपत नाही. पाण्याची घागर उचलणे आणि मैत्रिणींबरोबर खो-खो खेळणे यांत मिनिटे सारखी भरली, तरी मन मोकळे होते ते खेळातच. म्हणून मिनिटांसोबत हेही विचारा की शेवटचे कधी खेळलीस आणि का थांबलीस.

गोदाकाठ :
ताई, हे मला पटते. माझी खरी भीती वेगळी आहे. शाळेने उत्तरे नावानिशी नोंदवली, तर 'प्रकृती वाईट' लिहिणाऱ्या मुलाला लगेच नाजूक ठरवले जाईल आणि पालकांना बोलावून सुनावले जाईल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत मैदान आहे, तरी शहरांतील कितीतरी शाळांकडे ते नाही; अशा शाळांनी मुलांना कमी का खेळता असे विचारणे मला अन्यायाचे वाटते. उत्तरे निनावी ठेवली तर माझा विरोध नाही. पण दहावीच्या दुसऱ्या सत्रात खेळाचे तास कमी करण्याची मुभा शाळेला असावी, या मतावर मी ठाम आहे.

मैदानकर :
उत्तरे निनावी असावीत, वर्गवार एकत्र करावीत आणि त्यांचा जाब मुलांना नव्हे, आधी शाळेला विचारावा, हे मान्य. माणदेशी ताईंचा प्रश्न मी पहिला ठेवीन, आणि निशिगंध यांच्या सूचनेप्रमाणे हिमोग्लोबिनची तपासणीही जोडावी लागेल. दुसऱ्या सत्रातील मुभा मात्र मला मान्य नाही. सराव परीक्षांच्या त्या महिन्यांत मुले सर्वांत जास्त बसतात आणि मानदुखीच्या, निद्रानाशाच्या तक्रारी माझ्याकडे तेव्हाच सर्वांत जास्त येतात. आठवड्याचे दोन तास काढून घेतल्याने गणिताचा निकाल सुधारतो, असे ज्या शाळेला वाटत असेल तिने तो फरक आकड्यांत दाखवावा. तोपर्यंत ते दोन तास मुलांचेच राहिले पाहिजेत.