माथेरानच्या जुन्या डब्यावर ब्रेकचं चाक ठेवायचं की नाही?

नेरळचा_घाट:
बाबा माथेरानच्या गाडीवर ब्रेकमन होते. १९०७ पासूनची ही लाइन, दोन रुळांत फक्त दोन फूट अंतर, चढ काही ठिकाणी २० फुटांना १ फूट. उतरताना ड्रायव्हरची शिट्टी झाली की डब्याच्या टोकाच्या फळीवर उभं राहून ते चाक आवळायचे. ऑक्टोबरातल्या एका सरीत पाय सटकला. कठडा हाती लागला म्हणून वाचले, पण उजवा खांदा कायमचा गेला.

२०१६ मध्ये अमन लॉज स्टेशनजवळ गाडी घसरली, त्यानंतर या डब्यांना हवेच्या दाबावर चालणारे एअरब्रेक आले. आता ओळखीतले काहीजण एक जुना डबा चालता करताहेत. ते म्हणतात, हवेचा पाइप लावला की अस्सलपणा संपला. मला ते पटत नाही, पण चाक काढलेलंही बघवणार नाही. काय करावं?

निवृत्त_फिटर:
पाइप लावाच. त्यात दाब असतो तोवर ब्रेक सुटलेले असतात. कपलिंग तुटलं, पाइप फाटला, की दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतात. हातब्रेकवर मात्र माणूस जागेवर हवा, शिट्टीही ऐकू यायला हवी. चाकसुद्धा ठेवा, दांडा आणि ब्रेकशू (डब्याच्या चाकावर दाबला जाणारा ठोकळा) जोडलेले. उभा डबा धरून ठेवायला ते लागतंच. पाइप तळातून न्या, जुनं लाकूड भोकसू नका. काय बदललं ते वहीत तारखेसकट लिहा.

कुन्नूरची_गाडी:
निलगिरीच्या डोंगरी रेल्वेत कल्लार ते कुन्नूर सुमारे १२ फुटांना १ फूट चढ, रुळांच्या मधे इंजिनाच्या दातेरी चाकाला पकड देणारी दातेरी पट्टी. तिथली बरीच इंजिनं कोळशावरून तेलावर आली, काही तर तिरुचीच्या गोल्डन रॉक कारखान्यात नव्याने बांधली. तरी २००५ पासून ती लाइन जागतिक वारसा आहे. पण डब्याडब्यावर निशाण घेतलेला ब्रेकमन आहे, म्हणून ती गाडी तीच वाटते. तुमच्या डब्यावरून माणूस काढू नका.

नेरळचा_घाट:
माणूस असू द्या. फक्त गाडी थांबणं त्याच्या एकट्याच्या खांद्यावर नको. पाइपही लागेल, चाकही राहील, असंच सांगणार आहे. बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, फळीवर आडव्या पट्ट्या मारल्यात का? नसतील तर आधी त्या मारायला सांग.