स्ले द स्पायर: दुसऱ्या अंकात डेक का कोसळतो?

प्रश्न: स्ले द स्पायर या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये आयर्नक्लॅड (त्यातला एक योद्धा) घेऊन पहिला अंक, म्हणजे टप्पा, निघतो, दुसऱ्यात हमखास हरतो. प्रत्येक लढाईनंतर पत्ता घेतो, डेक (माझ्याकडचा पत्त्यांचा संच) तिशीच्या घरात जातो. सगळा नशिबाचा खेळ आहे का?

उत्तर १: नशीब आहेच, पण खरी अडचण पत्त्यांच्या गर्दीची. सुरुवातीला 10 पत्ते असतात: 5 स्ट्राइक (साधा वार), 4 डिफेंड (बचाव), 1 बॅश (जोरदार वार). दर फेरीला हातात 5 येतात, म्हणून बॅश दोन फेऱ्यांत एकदा येतोच. 30 पत्त्यांत तोच सहा फेऱ्यांत एकदा! बक्षिसाचा पत्ता नाकारता येतो, बिनधास्त नाकारा. दुकानात आधी स्ट्राइक काढून टाका. पहिल्यांदा 75 सोनं, मग दरवेळी 25 जास्त.

आणि क्रम पाळा. दर फेरीला पत्ते खेळायला मिळणाऱ्या 3 एनर्जीत आधी बॅश, मग स्ट्राइक: बॅशची 8 इजा, आणि त्याने शत्रू कमकुवत झाल्यामुळे स्ट्राइकच्या 6 चे दीडपट झालेले 9, एकूण 17. उलट केलंत तर 14च.

उत्तर २: सरसकट नाकारू नका हो. पहिल्या अंकात दोन-तीन दमदार अटॅक (मारा करणारे पत्ते) हवेतच. ग्रेम्लिन नॉब हा तिथला तगडा शत्रू चिडला की तुमच्या प्रत्येक स्किलमागे (डिफेंडसारख्या पत्त्यामागे) त्याची ताकद वाढते, तिथे डिफेंड लावत बसणं म्हणजे आत्मघात. दुसऱ्या अंकात शत्रू घोळक्याने येतात. ब्लॉक (मार अडवणारं संरक्षण) आणि सगळ्यांना एकदम लागणारा मारा हवा.

उत्तर ३: शत्रूची पुढची चाल आधीच दिसते, हे या खेळाचं मोठं बळ. टाइम ईटर हा बॉस (अंकाच्या शेवटचा मोठा शत्रू) तुम्ही 12 पत्ते खेळलात की फेरीच संपवतो, त्यामुळे स्वस्त पत्त्यांचे डेक तिथे अडकतात. बॉसचं चिन्ह नकाशावर आधीच बघा.