सायकलकडे पाहण्याची दृष्टी आधी बदलते की रस्ता?

प्रश्न:
शहरात सायकल म्हणजे एक तर दुसरे काही परवडत नाही त्याचे वाहन, नाही तर सुटीच्या सकाळचा व्यायाम, अशी समजूत अनेक ठिकाणी रुजलेली आहे. अलीकडे मात्र बऱ्या पगाराची माणसेही कामावर सायकलने जाताना दिसतात. हा बदल टिकाऊ आहे का, आणि तो प्रबोधनाने घडतो की सोयींमुळे?

प्रतिसाद १:
प्रबोधनावर माझा फारसा विश्वास नाही. डच लोकांच्या रक्तातच सायकल आहे असे सांगितले जाते. प्रत्यक्षात दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्येही मोटारी वाढल्या आणि सायकलींचा वापर झपाट्याने घटला. वेगळे व सुरक्षित मार्ग बांधले गेल्यावरच तो सावरला. स्पेनमधील सेव्हिल शहराला तर अशी परंपराही नव्हती. तिथे २०१० पर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरचे, एकमेकांना जोडलेले सायकलमार्ग तयार झाले आणि सायकलस्वार अनेक पटींनी वाढले. मध्येच तुटणारा मार्ग मात्र कागदावरच शोभतो, कारण माणूस सर्वांत धोकादायक चौक आठवून सायकल घरी ठेवतो.

प्रतिसाद २:
पण ते मार्ग बांधायला भाग कोणी पाडले? १९७१ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्या संतापातून ‘बालहत्या थांबवा’ हे आंदोलन उभे राहिले, आणि १९७३ च्या तेलसंकटातील मोटारबंदीच्या रविवारांनी मोकळे रस्ते कसे असतात हे सर्वांना दाखवले. म्हणजे मतपरिवर्तन आधीच झाले होते, फक्त ते सायकलच्या प्रेमातून आलेले नव्हते. मोटारींच्या पार्किंगची जागा काढून घ्यायची वेळ आली की नुसती सोयीची भाषा अपुरी पडते. तिथे लोकांचा रेटाच लागतो.

प्रतिसाद ३:
दोन्ही मतांत एक माणूस सुटला आहे. पहाटे पाळीवर जाणारा कामगार या सगळ्या काळात सायकलच चालवत होता, पण त्याची गणना ‘बदला’त कोणी केली नाही. महागडी सायकल आणि हेल्मेट पाहून मिळणारा मान हा सायकलचा मान नव्हे, तो पगाराचा आहे (आणि तो मोटारीलाही मिळतोच). त्यामुळे दृष्टी बदलली की नाही हे पाहायचे असेल, तर जुन्या सायकलवरून डबा लटकावून जाणाऱ्याला मागची मोटार हॉर्न वाजवून कडेला ढकलते की वेग कमी करते, याकडे लक्ष द्यावे. त्याच्या नेहमीच्या वाटेवर, औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सायकलमार्ग आधी व्हायला हवा. उद्यानाभोवतीचा नंतर झाला तरी चालेल.